डाव्या हाताचं वळण

९ फेब्रुवारी

धाकट्या साहेबांनी आज आम्हा तिघा चाखणाऱ्यांना वर बोलावलं आणि टेबलावर एक उघडी पेटी ठेवली. मी अजून दारातच होतो, तरी माल कुणाच्या हातचा ते कळलं. सिगारवरच्या पानाचा पीळ उलटा होता.

पानाची मधली शीर काढली की त्याचे दोन अर्धे भाग होतात. उजव्या हाताने वळणाऱ्या बायका एक अर्धा आनंदाने घेतात, दुसरा नाक मुरडून. माझी बायको डावखुरी. ती कामाला लागली तेव्हा मुकादम म्हणाला होता, हिचं इथे बस्तान बसायचं नाही. पुढे सगळ्यांनी नाक मुरडलेले ते अर्धे भाग तिच्याच टेबलावर यायला लागले आणि तिने त्यांचं सोनं केलं. आजारी पडायच्या आधी एका लहानशा मळ्यातून फार पातळ, फिक्या रंगाचं पान आलं होतं. त्याचे डावे भाग तिने एकटीने वळले. तो तिचा शेवटचा माल. तेव्हापासून तो कोठीत देवदाराच्या फळ्यांवर मुरतो आहे. तिला जाऊन आता तीन वर्षं होतील.

साहेबांना त्याची लिमिटेड एडिशन काढायची आहे. नाव 'डावी'. पेटीच्या झाकणावर एक ओळ राहील : एका डावखुऱ्या बाईच्या हातची, पुन्हा होणे नाही.

"गिऱ्हाईक विचारेल, डावी म्हणजे उजवीपेक्षा कमी का," मास्तर म्हणाले. मास्तर आमच्यातले शिकलेले. आधी कुठल्याशा शाळेत रसायन शिकवायचे, आता इथे धूर चाखतात.

"तुम्ही चवीचं बघा मास्तर, नावाचं मी बघतो."

मावशींनी पेटीतली एक सिगार उचलून बघितली. त्या पूर्वी वळणारणींच्या मुख्य होत्या. माझ्या बायकोच्या हातात पहिलं पान त्यांनीच दिलं होतं.

मी म्हणालो, "साहेब, हा आमच्या घरातल्या माणसाचा माल. मला यातून वगळलं तर बरं."

"बुवा, तुमच्याइतकी कोरडी जीभ या इमारतीत दुसरी नाही. तुम्ही तुमच्या सख्ख्या भावालाही नापास कराल."

मी देवाधर्माचा म्हणून इथे सगळे मला बुवा म्हणतात. साहेबांचं बोलणं ऐकून मनात थोडा अभिमान वाटला. तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढे लाज वाटेल.

१६ फेब्रुवारी

आज चाखणी झाली.

सकाळी अंघोळ करून देवापुढे बसलो. वर्षानुवर्षं एकच मागतो, जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. उदबत्ती लावत नाही, कारण तो वास नाकात राहिला तर दिवसाचं काम वाया जातं. ती असताना म्हणायची, "जगातले देव वासावर जगतात, आणि तुमचा बिचारा उपाशी."

आम्ही तिघे एकमेकांकडे पाठ करून बसतो, म्हणजे कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. समोर कोमट पाणी आणि सुक्या पावाचा तुकडा. शेरे तीनच असतात, पास, नापास किंवा मुरू द्या. माल बाहेर जायला तिघांचं एकमत लागतं. एकाने जरी 'मुरू द्या' लिहिलं, तरी माल पुढच्या हंगामापर्यंत परत कोठीत जातो. हा थोरल्या साहेबांचा नियम, आणि तो चांगला आहे. घाई करणाऱ्याला आवर घालणारा एक तरी माणूस असावा.

टोक कापलं. न पेटवता ओढून पाहिली तेव्हा वाळक्या गवताचा वास आला, आणि त्यामागे मधाचा, अगदी पुसट. पेटवली. पहिल्या भागात भाजलेल्या बदामाची चव. धूर तोंडात गोल फिरतो, टोचत नाही. राख पांढरी आणि घट्ट, आपण होऊन पडायला तयार नाही. वळणी निर्दोष होती, यात नवल नाही.

मधल्या भागात मला कच्चेपणा जाणवला. निदान आता जाणवेल, असं वाटलं. तिथेच थांबलो आणि 'मुरू द्या' लिहिलं.

मास्तर आणि मावशी दोघांनी पास दिलं होतं.

"बुवा, कच्चेपणा नेमका कुठे लागला? मी शोधून दमलो," मास्तर म्हणाले.

"मधल्या भागात."

"अर्धी तर तुम्ही विझवलीत."

"त्यांना लागला असेल," मावशी म्हणाल्या आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

उरलेला तुकडा बादलीत टाकायचा असतो. माझा खिशातच राहिला. घरी कोट काढताना लक्षात आलं.

२ मार्च

'मुरू द्या' शेरा देणाऱ्याने मधूनमधून मालाकडे बघायला हवं. म्हणून दुपारी काम संपलं की कोठीत जाऊन येतो. फळ्यांवरचा माल उलटापालटा करतो. तो कोठीवाल्याने करायचा असतो, पण त्याचा हात जड आहे.

कोठी थंड असते, आवाज आत येत नाही. तिच्या हातच्या सिगारवरून बोट फिरवलं की पीळ बोटाला अडत अडत डावीकडे जातो. बाकी कुणाच्या मालात हे होत नाही. तिथे बसलं की मन शांत होतं. प्रार्थनेला बसल्यावर हल्ली होत नाही तितकं. याचं कारण कोठीतली हवा असावी.

कोठीवाला म्हणाला, "बुवा, रोज आलात तर तुम्हाला पाहुणा म्हणता येणार नाही. सतरंजीच टाका इथे."

२१ एप्रिल

मुलीचा फोन. लग्न होऊन गेली त्याला बराच काळ झाला, पण पहिला प्रश्न तोच, "बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"भात." खरं आहे ते. एका माणसाचा भात मला अजून करता येत नाही. रोज उरतो.

मग म्हणाली, "वळणाऱ्या बायका सांगत होत्या, आईच्या सिगारची पेटी निघणार होती आणि तुम्ही अडवलीत म्हणे."

"अडवली नाही. ती अजून तयार नाही."

"झाकणावर तिचं नाव येणार होतं ना?"

"नाव नाही येणार. नुसतं डावखुरी म्हणून."

"तेवढं तरी." मग म्हणाली, "बाबा, आई तुम्हाला रोज विचारायची ते आठवतं का?"

आठवतं. कामावरून दोघे बरोबर घरी यायचो आणि भाजी चिरता चिरता ती विचारायची, "आज आमच्यातली एखादी आली होती का तुमच्यापुढे? कशी लागली?" चाखणाऱ्याने वळणारीला चव सांगायची नसते. तो नियम मी एकदाही मोडला नाही. "बघू," म्हणायचो. ती सुरी पाटावर आपटायची आणि म्हणायची, "नवरा आहे की कुलूप." स्वतः तिने कधी ओढली नाही. आपण काय करतो आहोत ते तिला फक्त बोटांनी माहीत होतं.

मुलीला मी सांगितलं की नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तिचं 'बरं' तिच्या आईसारखं आहे. दार लागल्यासारखं.

१८ ऑगस्ट

दुसरी चाखणी.

नीट लिहितो, कारण असं पुन्हा लिहायला मिळेल असं नाही.

पेटवल्याबरोबर मला समजेना की मी काय ओढतो आहे. बदाम होता, मध होता, पण ते वेगळे काढता येत नव्हते, जसे जुन्या जोडप्यातले दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत. मधल्या भागात ऊन लागलेल्या लाकडाची ऊब होती. शेवटच्या भागात बहुतेक सिगार कडवटतात. ही शेवटी गोड झाली. बोटं भाजेपर्यंत ओढली. आयुष्यभर हे काम केलं, इतकी चांगली सिगार माझ्यासमोर आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. धुराने कधी येत नाही.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, चांगलं दिसलं की थांबू नका, याहून चांगलं असतं. तेच मनात आलं. जो माल सहा महिन्यांत इतका वाढला, तो अजून वाढेल. म्हणून 'मुरू द्या' लिहिलं.

बाकी दोघांनी पास.

मास्तर उठून माझ्यासमोर आले, तसं करायची पद्धत नाही. "बुवा, ही उत्तम होती की नाही?"

"होती."

"मग?"

"अजून होईल."

"पिकलेलं फळ उतरवू देत नाही तुम्ही. ते पडायची वाट बघताय का?"

मास्तर शिकलेले असले तरी या कामात माझ्या मागून आले.

साहेबांनी संध्याकाळी एकट्याला बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमच्या जिभेपुढे माझे वडीलही बोलत नव्हते, मीही बोलत नाही. पण पुढच्या चाखणीला हो किंवा नाही, एकच. मुरू द्या नको."

"आणि नाही झालं तर?"

"नापास मालाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कातरायला जाईल, स्वस्त सिगारच्या भरणात. एकही नग दाराबाहेर जात नाही."

मी म्हणालो, नापास व्हायचा प्रश्नच नाही.

७ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या बाकावर येऊन बसल्या. डबा उघडला नाही.

"बुवा, तुम्हाला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं तरी चालेल."

"बोला ना."

"पातळ पान आहे ते. त्याचा बहर लहान. जाडं पान वर्षानुवर्षं थांबतं, पातळ थांबत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं, म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं."

"मग शिकवू नका."

"शिकवते. ती सिगार पेटवायला वळायची. पुजायला नाही." मग डबा उचलला. "तिला मी शिकवलंय. मला माहीत आहे तिला काय हवं होतं."

त्या गेल्यावर बराच वेळ वाईट वाटलं. मावशींचं वय झालं आहे, माणूस या वयात बोलून जातो. त्यांच्याबद्दल मनात राग धरायचा नाही असं ठरवलं. जमलं नाही.

३ डिसेंबर

कोठीत जाऊन आलो. माल उलटला.

आज तिथे एकटा असताना, नियम मोडून, हळू आवाजात तिला सांगितलं. ऑगस्टमधली कशी लागली ते, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, काही न वगळता. सांगून झाल्यावर तसाच बसून राहिलो. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलट खोली जास्तच रिकामी वाटली. आधी तिथे निदान एक प्रश्न होता.

घरी प्रार्थनेला बसलो आणि शब्द आठवत होते, पण ते कुणाला म्हणायचे ते कळेना. माझी श्रद्धा कमी झाली असं मला वाटत नाही. फक्त पलीकडे कुणी ऐकत असल्याची खूण येत नाही.

१४ जानेवारी

कोठीत आज नुसता देवदाराचा वास येत होता. पेटी नाकाशी धरली तरी लाकडाचाच. थंडीत वास दबतो. ऊन वाढलं की परत येईल.

कोठीवाल्याला विचारलं, तुला काही वेगळं वाटतं का. तो म्हणाला, "मला सर्दी आहे बुवा." त्याला सर्दी नव्हती.

१५ फेब्रुवारी

तिसरी चाखणी.

न पेटवता ओढली. काही नाही. टोक नीट कापलं गेलं नसेल म्हणून परत कापलं. काही नाही.

पेटवली. जळायला एकसारखी, कड जरासुद्धा वाकडी नाही. राख पांढरी, घट्ट, पहिल्यासारखी टिकून राहणारी. ओढायला हलकी. तिच्या हाताने कुठेही कसूर केली नव्हती. आणि तोंडात आला तो फक्त गरम वारा. मध नाही, बदाम नाही, कडवटपणासुद्धा नाही. कडू लागली असती तरी मी आभार मानले असते.

तिसऱ्या भागापर्यंत ओढली. अर्ध्यावर विझवली नाही. वाटत होतं, शेवटी गोड होत होती, शेवटी होईल.

कागद समोर होता. 'पास' लिहावं असं मनात आलं. अगदी स्पष्ट आलं, लपवत नाही. दोघांचे चेहरे दिसत नव्हते. समजा, दयेने त्यांनीही पास लिहिलं, तर पेट्या बाहेर जातील, झाकणावर ती ओळ असेल, आणि कुठेतरी एखादा माणूस ती पेटवून बाजूच्याला म्हणेल, काय हो ही, हिच्यात तर काहीच नाही. तिच्याबद्दल म्हणेल. मी 'नापास' लिहिलं.

तिघांनी नापास लिहिलं होतं. या मालावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "आधीचे माझे दोन्ही शेरे..."

"राहू द्या बुवा."

"ऑगस्टमध्ये ती पूर्ण झाली होती. मला कळलं होतं."

"राहू द्या म्हटलं ना."

मावशी म्हणाल्या, "पाणी प्या आधी." मी प्यायलो. पाण्याला पाण्याची चव होती. म्हणजे जीभ शाबूत आहे. तेवढीही पळवाट नाही.

वर्षानुवर्षं मी जे मागत आलो ते मला मिळालं होतं, असं धरून चाललो होतो. जिभेवर खोटं आलं नाही, हे खरंच आहे. जीभ दोन्ही वेळा खरं सांगत होती. लिहिणारा हात माझा होता. आज संध्याकाळी देवापुढे बसलो नाही.

१६ फेब्रुवारी

मुलीला फोन करून सांगितलं. म्हणजे सगळंच सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कशी होती, बाबा? ऑगस्टमध्ये?"

मी सांगायला लागलो. बदामापर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. डिसेंबरमध्ये पाठ होतं. शब्द वहीत आहेत, वाचून दाखवू शकलो असतो, पण तोंडात ती चव राहिली नाही. कालच्या गरम वाऱ्याने ती पुसली.

"राहू द्या," तीही म्हणाली. "जेवून घ्या."

१९ फेब्रुवारी

साहेबांनी निरोप पाठवला होता, आज माल कातरायला जाईल, तुम्हाला काही नग ठेवायचे असतील तर नियम बाजूला ठेवून देतो. मी नको म्हणून कळवलं. घरी नेऊन काय केलं असतं, आणखी जुन्या होऊ दिल्या असत्या.

तरी खाली गेलो. तळघरातल्या यंत्रावरचा माणूस नवा आहे, मला नुसता चेहऱ्याने ओळखतो. पेट्या रिकाम्या करून सिगार यंत्राच्या तोंडात ओतत होता.

"बुवा, बरे आलात. ते पोतं जरा धरता का? जोडीदार आज सुट्टीवर आहे, अर्धा माल जमिनीवर सांडतोय."

मी पोत्याचं तोंड धरलं. यंत्र सुरू होतं, मोठ्याने बोलावं लागत होतं.

"काय माल आहे हो," तो म्हणाला. "इतका सारखा वळलेला मी बघितला नाही. आणि हा कातरायला?" एक उचलून दिव्याकडे धरली. "पीळ उलटा कसा याचा? कुणी वळल्यात या?"

"माझ्या बायकोने."

त्याचा हात थांबला. मग त्याने बाजूचा दांडा ओढून यंत्रच बंद केलं. एकदम शांत झालं. त्याच्या हातात ती सिगार तशीच होती, काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"थांबवू का?" तो म्हणाला. "साहेबांशी बोलून या तुम्ही. मी थांबतो. मला घाई नाही."

मी म्हणालो, "नको. आता थांबवू नका. चालू करा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दांडा लोटला. मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी जितकं उघडं धरता येईल तितकं उघडं धरलं.